शिकवणारं माणूस शेजारी उभं होतं का? दवाखान्यातल्या शिकवणीचा इतिहास आणि आपला साखरा

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. विषय आपल्या घरातल्या बाळंतिणीचा आणि लेकराचा आहे.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्या यादीत जालना, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली यांच्यासोबत आपल्या हिंगोलीचं नाव होतं. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा, आणि पंचवीस वर्षांनी त्याला मेडिकल कॉलेज मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, वादच नाही. तेव्हापासून चर्चा चाललीये ती इमारतीची, जागेची, खाटांची आणि मशीनची. ती पण व्हायला पाहिजे.

पण एक प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. साखऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, नुकताच पास होऊन आलेला डॉक्टर आणि गल्लीतली आशाताई, यांना रोजचं काम करता करता कोण शिकवतं? पेशंट समोर असताना अडलं, तर त्यांनी कुणाकडं बघायचं?

तुम्ही म्हणाल, त्यांचं शिक्षण झालंय की, ट्रेनिंग झालंय की. झालंय ना. पण दवाखान्यातलं काम वर्गात बसून शिकता येत नाही आणि एकदाच शिकून पुरत पण नाही. पोहायचं पुस्तक वाचून कुणी विहिरीत उतरतं का? शेजारी एक जाणतं माणूस लागतं. ते आधी करून दाखवतं, मग तुमच्याकडून करून घेतं, चुकलं तर तिथंच हात धरतं, आणि पुढच्या आठवड्यात परत येतं. महाराष्ट्रातल्या आरोग्याचा दोनशे वर्षांचा इतिहास काढून बघा. जिथं असं माणूस होतं तिथं काम टिकलं. जिथं नव्हतं तिथं चांगल्या चांगल्या योजना वाळून गेल्या.

मुंबई : कॉलेज आणि दवाखाना एकाच आवारात

१८२६ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारनं देशी मुलांसाठी एक वैद्यकीय शाळा काढली. जॉन मॅक्लेनन नावाचे डॉक्टर तिचे प्रमुख होते. मराठी आणि गुजरातीत पुस्तकं भाषांतर करून शिकवायचा प्रयत्न झाला. भाषेच्या दृष्टीनं मोठीच गोष्ट होती ती. पण सहा वर्षांत, १८३२ मध्ये शाळा बंद पडली.

पुढं १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच्या अगदी शेजारी, जमशेटजी जीजीभाईंची देणगी आणि सरकारचा वाटा यांतून जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. ही दोन्ही जोडीनं आली, हे महत्त्वाचं. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड स्वतः रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर होते. पोरं वर्गातून उठून थेट वॉर्डात जात. १८५१ मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढं भाऊ दाजींनी मुंबईत गरिबांवर उपचार केले, कुष्ठरोगावरच्या औषधाचा शोध घेत राहिले.

अमेरिकेत विल्यम ऑस्लर यांचं नाव आजही यासाठीच घेतात, की त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गातून काढून रुग्णाच्या खाटेजवळ नेलं. ते जॉन्स हॉपकिन्स इथं, १८९० च्या दशकात. मुंबईतली पोरं त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीपासून जे. जे.च्या वॉर्डात शिकत होती.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. हिंगोली म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची छावणी. हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, तिथं सुरुवातीला उर्दूतून शिकवत. पुढं एडवर्ड लॉरी हे सर्जन तिथं आले. त्यांच्या हाताखाली ऑपरेशनच्या वेळी क्लोरोफॉर्म द्यायला शिकल्या त्या रूपाबाई फर्दुनजी. जगातल्या अगदी सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. ऑपरेशनच्या टेबलाजवळ उभं राहून, गुरूच्या नजरेखाली शिकलेली विद्या होती ती.

पण मराठवाड्याच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. हैदराबाद लांब, मुंबई त्याहून लांब. औरंगाबादला मेडिकल कॉलेज आलं १९५६ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये. म्हणजे मुंबईत पोरं वॉर्डात शिकायला लागल्यावर शंभरावर वर्षं गेली, तेव्हा कुठं मराठवाड्यात तसं पहिलं कॉलेज आलं. आणि आलं ते पण शहरात. खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत ती शिकवणी पोचलीच नाही.

सरकारला कळत नव्हतं असं नाही

१९४६ च्या भोर समितीनं सांगितलं होतं, की डॉक्टर हा समाजाचा डॉक्टर पाहिजे आणि शिकतानाच त्याला गावाच्या आरोग्याचं तीन महिन्यांचं शिक्षण मिळालं पाहिजे. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडायला लागली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनं परत तेच सांगितलं. मग १९७७ मध्ये योजना आली, की प्रत्येक मेडिकल कॉलेजनं तीन विकास गटांची जबाबदारी घ्यायची. फिरते दवाखाने दिले गेले. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावात जायचं, तिथं उपचार करता करता शिकवायचं. कल्पना सोन्यासारखी होती. पण प्राध्यापकांचं मन मोठ्या हॉस्पिटलात आणि गावाकडची ड्युटी म्हणजे शिक्षा. योजना बरीचशी कागदावरच राहिली.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७७ ला, दुसरी मोठी योजना आली. हजार लोकसंख्येमागं गावातलाच एक आरोग्य कार्यकर्ता. त्याला आरोग्य केंद्रात तीन महिने ट्रेनिंग, औषधांची पेटी आणि महिन्याला पन्नास रुपये मानधन. देशभर लाखो लोक तयार केले. आज त्यांची आठवण किती गावांत आहे? आपल्या आजोबांना विचारून बघा.

ती योजना बुडायची कारणं बरीच होती. निवडीत वशिला, औषधांचा तुटवडा, मानधनाचे वाद. पण मुळातलं एक कारण असं, की तीन महिन्यांचं ट्रेनिंग संपलं आणि त्या माणसाला वाऱ्यावर सोडलं. त्याच्या गावात जाऊन, त्याच्यासोबत पेशंट बघून, "हे असं कर" म्हणणारं कुणी नव्हतं. वरून कुणी आलंच तर वही बघायला.

जामखेड : दर आठवड्याची शाळा

आता त्याच काळात, आपल्यासारख्याच दुष्काळी भागात काय झालं बघा.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरला डॉक्टर झालं, पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलं, आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला येऊन बसलं. त्यांनी पहिल्यांदा केलं ते आपलं सरकार करतं तेच. शिकलेल्या नर्स गावागावात ठेवल्या. जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी पोरगी, गाव तिला आपलं मानेना आणि तिचं मन तिथं रमेना.

मग ठरलं, की गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची. निवडून आल्या त्या बहुतेक मध्यम वयाच्या. कित्येकींना अक्षरओळख नाही, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. लोक म्हणत, ह्या काय डॉक्टरकी शिकणार!

पण आरोळ्यांनी त्यांना एकदाच ट्रेनिंग देऊन परत पाठवलं नाही. या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, दोन दिवस मुक्कामाला. सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. आधी प्रत्येकीनं सांगायचं, या आठवड्यात गावात काय झालं. कुणाचं लेकरू जुलाबानं सुकलं, कुणाची बाळंतीण अडली, कुणी ऐकलं, कुणी हाकलून दिलं. त्यातूनच पुढचा धडा निघायचा. शिकलेलं पुढच्या आठवड्यात गावात करून बघायचं, आणि परत येऊन सांगायचं.

दुसऱ्या बाजूनं डॉक्टर, नर्स आणि समाजसेवकांचं पथक गावात जायचं. तिथं काय करायचं? तर गावासमोर त्या बाईलाच पुढं करायचं. पेशंट तिनं दाखवायचा, तिच्यासोबत तपासायचा. एखादी गोष्ट तिनं बरोबर ओळखली असेल तर लोकांसमोर सांगायचं, की हिनं बरोबर ओळखलं. त्यानं तिची गावातली पत वाढायची. डॉक्टर तिला पाडून बोलला असता तर दुसऱ्या दिवशी तिचं कुणी ऐकलं असतं का?

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या निवडक प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७९ मध्ये दोघा आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं कित्येक देशांतले लोक त्या बायांकडून शिकायला जामखेडला येत राहिले. नीट वाचा, "त्या बायांकडून शिकायला". ज्यांना वर्षानुवर्षं कुणी शेजारी बसून शिकवलं, त्याच पुढं शिकवणाऱ्या झाल्या.

गडचिरोली : मणी, वाळूचं घड्याळ आणि पंधरा दिवसांची फेरी

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात 'सर्च' संस्था सुरू केली. गावात लेकरं न्यूमोनियानं मरत होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे लेकराचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो. पण ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही, तिनं ओळखायचं कसं?

त्यांनी एक साधं साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. आता यातली खरी शिकवण बघा. शिकणारीला येत नाही म्हणून तिला नापास केलं नाही. तिला जेवढं येतं, तिथून पुढं शिकवायची सोय केली.

पुढचं काम नवजात बाळांचं. एका बाजूला ३९ गावं, जिथं हा प्रयोग करायचा. दुसऱ्या बाजूला ४७ गावं, तुलनेसाठी. १९९३ ते १९९५ आधी नुसती नोंद केली. मग गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, ऊब द्यायची, जन्मल्यावर रडलं नाही तर काय करायचं, आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा कसं द्यायचं. खेड्यातल्या बाईनं तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं म्हणजे किती धाडसाची गोष्ट, विचार करा.

मग हे सुरक्षित कसं राहिलं? त्याचं उत्तर दर पंधरा दिवसांच्या फेरीत आहे. डॉक्टर प्रत्येक गावात यायचा. पण तो उपचार करायला यायचा नाही. तो तिच्या नोंदी बघायचा, आईला भेटून पडताळायचा, चुकलं असेल ते तिथंच दुरुस्त करून दाखवायचा. काम तिचंच राहायचं. डॉक्टरनं येऊन ते हातातून काढून घेतलं नाही.

आकडे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. त्या ३९ गावांत जन्मल्यावर पहिल्या महिन्यात मरणारी बाळं हजारी ६२ होती, ती १९९७-९८ मध्ये हजारी २५ वर आली. तुलनेच्या गावांत आकडा जवळपास होता तिथंच राहिला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायचं हे काम देशभरातल्या आशांना दिलं. आज तुमच्या घरी बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी वजनकाटा घेऊन येते ना, त्याचं मूळ या गडचिरोलीच्या गावांत आहे.

उचललं काय आणि सोडलं काय

आता मुद्द्याची गोष्ट. सरकारनं गडचिरोलीकडून भेटींचं वेळापत्रक उचललं, फॉर्म उचलला, पिशवी उचलली. इंजेक्शन आशांच्या हातात दिलं नाही, तो वेगळा विषय. पण शेजारी उभं राहणारं माणूस किती उचललं?

कागदावर ते आहे. साधारण वीस आशांमागं एक गटप्रवर्तक असते. उपकेंद्रांतल्या सिस्टरवर आरोग्य सहायिका असते. त्यांच्यावर वैद्यकीय अधिकारी. पण गटप्रवर्तक ताईचा दिवस कशात जातो, ते जवळून बघा. रिपोर्ट गोळा करणं, आकडे जुळवणं, ऑनलाइन भरणं, मिटिंगला धावणं. वीस गावं-वस्त्या फिरायच्या, मोबदला तुटपुंजा, नोकरी कायम नाही. २०२३ च्या शेवटी आशा आणि गटप्रवर्तक राज्यभर संपावर गेल्या, तेव्हा आपण त्याकडं फक्त पगाराचा प्रश्न म्हणून बघितलं. पगाराचा प्रश्न होताच. पण जिनं शिकवायचं तिलाच कारकून करून टाकलं, हा पण प्रश्न होता.

तपासणी वेगळी आणि शिकवणी वेगळी. तपासणीत विचारतात, "रजिस्टर भरलं का?" शिकवणीत विचारतात, "परवा त्या बाळाला ताप होता, तू काय केलंस? चल, परत जाऊन बघू." तपासणीत चूक झाली की नोटीस निघते, मग माणूस चूक लपवायला शिकतो. बाळंतिणीचा मृत्यू झाला तर त्याचं अन्वेषण करायची सरकारी पद्धत आहे आणि त्या पद्धतीत स्पष्ट म्हटलंय, की हे कुणाला शिक्षा करायला नाही, पुढचा मृत्यू टाळायला आहे. पण खालच्या माणसाला भीती वाटत असेल, तर खरं कोण सांगेल? आणि खरं कळलं नाही, तर पुढची बाळंतीण वाचेल कशी?

नवीन डॉक्टरांचं पण तेच. एमबीबीएस झालेली पोरगी बाँडच्या नोकरीवर खेड्यात येते. वय तेवीस-चोवीस. रात्री दोन वाजता अडलेली बाळंतीण आणि शेजारी अनुभवी डॉक्टर नाही. मग ती काय करणार? "पुढं न्या" म्हणून चिठ्ठी लिहिणार. सेनगाव, सेनगावहून हिंगोली, हिंगोलीहून नांदेड. आपण तिला शिव्या देतो. पण जे काम तिनं कुणाच्या नजरेखाली दहा वेळा केलंच नाही, ते अकराव्या वेळी एकटीनं करायची हिंमत कुठून आणायची? अशा वेळी पुढं पाठवणं हाच कित्येकदा शहाणपणा असतो. दोष त्या पोरीचा नाही, तिला एकटं ठेवणाऱ्या रचनेचा आहे.

आता हिंगोलीची वेळ

म्हणून मेडिकल कॉलेजकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो. २०२४ ला प्रवेश घेतलेली पहिली बॅच साडेचार वर्षांचं शिक्षण संपवून २०२९ च्या आसपास इंटर्नशिपला येईल. इंटर्नशिपमधले साधारण तीन महिने सामुदायिक आरोग्याचे असतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या संपर्कात राहायचं, हे आता अभ्यासक्रमातच आहे. प्रत्येक कॉलेजला ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र पण जोडावं लागतं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ ला निघालं. तिथं प्रत्येक बॅच एक गाव घेते, मुक्कामाला राहते, घरं वाटून घेते. म्हणजे हे होऊ शकतं, महाराष्ट्रातच झालंय.

हे सगळं हिंगोली शहराच्या चार-पाच किलोमीटरमध्येच उरकायचं, की सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यापर्यंत आणायचं, हे ठरायची वेळ आत्ता आहे. एकदा सवयी पडल्या की २०३० ला बोंबलून उपयोग नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत, जिल्हा परिषद सदस्याला भेटल्यावर एवढं विचारा :

१) आमच्या आरोग्य केंद्रात महिन्यातून ठरलेल्या दिवशी कॉलेजचे स्त्रीरोग आणि बालरोगाचे शिक्षक येतील का? नुसती ओपीडी काढायला नको. आमच्या सिस्टर आणि डॉक्टरांना सोबत घेऊन पेशंट बघायला.

२) आशांच्या महिन्याच्या मिटिंगमध्ये शेवटचा एक तास रिपोर्ट बंद करून, त्या महिन्यातल्या एका खऱ्या केसवर बोलतील का? जामखेडला बाया तशाच शिकल्या. त्याला बजेट लागत नाही.

३) गटप्रवर्तकांचा कागदाचा बोजा कमी करून त्यांना आशासोबत घरोघरी जायला वेळ देणार का?

४) रात्री अडचण आली तर खेड्यातल्या डॉक्टरनं फोन कुणाला करायचा, त्याचं नाव आणि नंबर भिंतीवर लिहिलेला आहे का?

आणि एक काम आपलं. नवीन सिस्टर किंवा नवीन डॉक्टर कुणाला तरी विचारून, पुस्तकात बघून औषध देत असेल, तर "याला काही येत नाही" म्हणून हसू नका. जो विचारतो तोच शिकतो. पेशंटसमोर ज्याला विचारायची लाज वाटते, त्या डॉक्टरची भीती बाळगा.

१८२६ ची मुंबईतली शाळा, १९७७ च्या दोन योजना, आणि समोर जामखेड, गडचिरोली. आता पाळी हिंगोलीची आहे. तुमच्या गावच्या केंद्रात सध्या कोण कुणाला शिकवतं, ते खाली लिहा. नावं नकोत, अनुभव लिहा. पटलं तर आरोग्य समितीवरच्या आपल्या माणसांपर्यंत पोचवा.